उजव्या बाजूची तुळई

"ओळंबाकाका, हा टवका दोन्हीकडे आहे?" तिने विचारलं तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होतो आणि ब्लेड बोटात गेलं. फार नाही, कातडीपुरतंच. पण टेबलावर पसरलेल्या नकाशावर थेंब पडू नये म्हणून मी हात झटकन मागे घेतला आणि तिला वाटलं, मी दचकलो. दचकलोच होतो. नकाशा माझा होता, छत्तीस वर्षांपूर्वीचा, आमच्या जुन्या घरासमोरच्या देवळाचा. त्यावर मला कॉलेजात पदक मिळालं, त्यावरच जुन्या देवळांची डागडुजी करणाऱ्या या ऑफिसात नोकरी मिळाली, आणि त्याची चौकटीतली प्रत अजून बाहेर बाकावर बसणाऱ्या लोकांच्या डोक्यावर टांगलेली आहे. ऑफिसात मला ओळंबा म्हणतात, कारण कुठलीही भिंत दिसली की ती किती कललीय हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तोंडावर काका लावतात, पाठीमागे लावत नसणार. ही इंजिनियर पोरगी दीड वर्षापूर्वी लागली. हुशार आहे, आणि हुशार माणसं मला बघवत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचं बोट डाव्या मंडपातल्या आतल्या खांबावर होतं. तिथे दगडात कोरलेल्या कमळाची एक पाकळी उडालेली आहे. ती मी तशीच काढली होती, कारण जे आहे ते काढायचं, शोभा करायची नाही, असं आमचे मास्तर सांगायचे. मग तिने बोट उचललं आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूला, उजव्या मंडपातल्या खांबावर ठेवलं. तिथेही तीच पाकळी, तेवढीच उडालेली. छत्तीस वर्षांत कितीतरी माणसांनी हा नकाशा बघितला, माना डोलावल्या, काय हात आहे म्हणाले, आणि एकालाही ती पाकळी दिसली नाही. मलाही दिसली नव्हती.

"असेल," मी म्हणालो.

"असेल म्हणजे? आहे की नाही ते सांगा ना काका. उद्या साडेदहाला मुकादम उजव्या मंडपातली विटांची भिंत काढायला घेणार आहे. तुमच्या नकाशानंतर कधीतरी कोठार करायला म्हणून घातलेली. खांब त्या विटांत पुरलेत, वर चुन्याचे थर, मला काही म्हणजे काही दिसत नाही. माझ्याकडे फक्त हा तुमचा नकाशा आहे. यात तुळई अखंड आहे आणि दोन्ही टोकांना खांबावर चांगली वीतभर टेकलीय. तसं असेल तर भिंत काढली तरी काही होत नाही. तसं नसेल तर आधी टेकू लावायला हवेत. आठदहा दिवस जातील, देवस्थानवाले बोंबलतील, बोंबलू देत. मला एवढंच सांगा, ही बाजू मोजलीय, की उलटवलीय?"

आमच्या धंद्यात याला उलटवणं म्हणतात. देऊळ मधल्या रेषेच्या दोन्हीकडे सारखंच असतं. मध्ये गाभारा, त्याच्यापुढे अंतराळाची अरुंद जागा, मग सभामंडप, आणि सभामंडपाच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन छोटे मंडप. मग डावी बाजू मोजायची, पारदर्शक कागदावर काढायची, कागद पालथा घालायचा आणि उजवी बाजू गिरवायची. निम्मे कष्ट वाचतात. सगळे करतात, आणि सगळे कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उजवी बाजू मोजलेली नाही' असं लिहितात. मी तेवढं लिहिलं नव्हतं. "मोजलीय," मी म्हणालो. "मग इथे लिहून द्या," असं म्हणून तिने नकाशाची प्रत पुढे सरकवली. मी लिहिलं: दोन्ही बाजू प्रत्यक्ष मोजल्या आहेत. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं. ती "थँक्यू काका, जीव भांड्यात पडला," म्हणाली आणि बोटाला लावायला पट्टी आणून दिली. पट्टी तिने स्वतःच गुंडाळली. तिचे हात गरम होते आणि मला ते आवडलं नाही.

ती गेल्यावर मी नकाशा गुंडाळला नाही, तसाच पुढ्यात ठेवला. उजव्या मंडपाकडे बघत राहिलो. कागदावर ती बाजू खोटी आहे हे मला सोडून जगात आणखी एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस या वेळी माझ्या घरी मागच्या खोलीत पलंगावर बसून डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत असणार. माझी बहीण. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण तिचं डोकं चारपाच वर्षांच्या मुलीपाशीच थांबलं. आईने ते मनाला लावून घेतलं, वडिलांनी घेतलं नाही. ते शिंपी होते. मापात बसत नाही ते कापायचं, एवढं त्यांना कळत होतं, आणि अक्का कापता येत नव्हती. तेव्हा ते तिला दुकानात येऊ देत नसत आणि ती मला चिकटवून दिलेली असे. जाशील तिथे हिला ने. मी आठ वर्षांचा, ही बारा वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, नाक पुसायला माझाच सदरा ओढणारी. पोरं तिला काही म्हणत नसत, मला म्हणत. त्याचा राग मी पोरांवर काढू शकत नव्हतो, म्हणून तिच्यावर काढायचो. चिमटे काढायचो, तिच्या वाटचं खायचो, बोलावलं की यायची म्हणून बोलवायचो आणि आली की जा म्हणायचो. ती जायची. थोड्या वेळाने मी परत बोलवायचो.

दुपारी आम्ही देवळात असायचो, कारण तिथे गार असे आणि कुणी नसे. उन्हातून आत शिरलं की क्षणभर काहीच दिसायचं नाही, फक्त तळपायांना दगड लागायचा, आणि वटवाघळांचा तो आंबट, ओला वास. मग हळूहळू खांब उगवायचे. खांबाच्या डोक्यावर, तुळईच्या खाली, बुटकी बुटकी माणसं कोरलेली होती, पोटं सुटलेली, गुडघे वाकलेले, दोन्ही हात वर करून छत पेलणारी. कीचक म्हणतात त्यांना. त्यांच्यावर तुळया, तुळयांवर आडवे दगड, त्यांवर तिरके, मग आणखी आत सरकलेले, असं करत करत मध्यावर एक कमळ. मध्ये चुना नाही, खिळा नाही. नुसता दगडावर दगड ठेवलेला. देवळाच्या जोत्यावर बसणाऱ्या एका गवंड्याने मला हे सांगितलं होतं, "वजनानंच वजन धरलंय रे बाबा, दुसरं काही नाही," आणि त्यानंतर दोन दिवस माझी आत जायची छाती झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मला युक्ती सुचली.

उजव्या मंडपात भिंतीला लागून दगडी बाक आहे. अक्काला मी त्या बाकावर चढवलं. तिचे हात वर केले की तळवे बरोबर तुळईच्या पोटाला टेकत. "हा कीचक दमला," मी म्हणालो. "आता तू धर. सोडलंस तर सगळं पडेल. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." तिने धरलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला अजून दिसतं. तिला आजवर कुणी काही काम सांगितलं नव्हतं. मी थोडा वेळ समोर बसून बघितलं, मग कंटाळलो, मग तळ्यावर पोहायला गेलो. तिथून पोरांबरोबर कुठे कुठे गेलो. ती तिथे आहे हे मी विसरलो होतो, असं मी पुढे आईला सांगितलं. विसरलो नव्हतो. पाण्यात बुडी मारली की मला ती दिसायची, हात वर केलेली, आणि मी बुडी आणखी लांबवायचो. दिवस मावळताना वडील तिला शोधत देवळात आले. मी त्यांच्या मागे होतो. ती तशीच उभी होती. हात थरथरत होते, ओठ फुटले होते, परकर ओला होऊन पायांना चिकटला होता आणि बाकावरून ओघळ खाली आला होता. "अगं भवाने, देवळात?" वडील ओरडले. "हात खाली घे!" ती म्हणाली, "पडेल ना." वडिलांच्या हातात दुकानातला लोखंडी गज होता, कापड मोजायचा. त्यांनी तो तिच्या कोपरांवर मारला. एकदा मारून हात खाली येईनात, तेव्हा पुन्हा मारला. ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं असं ती म्हणाली नाही. ती फक्त मी 'सोड' म्हणायची वाट बघत होती, आणि मी म्हणालो नाही. वडिलांनी तिला बाकावरून ओढून खाली पाडलं आणि फरपटत घरी नेलं. रस्ताभर ती मागे वळून छताकडे बघत होती. मला आनंद झाला होता. त्याला दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

चहा आला. चहावाल्याने कप नकाशावर ठेवू नये म्हणून मी तो हातात घेतला आणि तो हातातच गार झाला. फोन समोर होता. तिचा नंबर त्यात होता. एक वाक्य पुरे होतं: अगं, आठवत नाही नीट, टेकू लाव. तेवढ्याने काही पदक परत मागायला कुणी आलं नसतं. फार तर बाहेरची चौकट उतरवली असती, फार तर पाठीमागे हसले असते. मला ते हसणं ऐकू येत होतं. तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार, माझा सत्कार करायचा घाट चाललाय, आणि भाषणात सगळे त्याच नकाशाबद्दल बोलणार हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण बोलण्यासारखं माझ्यापाशी दुसरं काही नाही. मी फोन पालथा घातला. पालथा घातल्यावर हसू आलं. पालथं घालणं तेवढं मला जमतं.

बावीस वर्षांचा असताना मी ते देऊळ मोजायला घरी गेलो होतो. फीत धरायला दुसरं माणूस लागतं आणि दुसरं माणूस म्हणजे अक्का. तिला मी फितीचं टोक दिलं की ती प्राण गेला तरी हलायची नाही. इतकी चांगली मदतनीस मला पुन्हा मिळाली नाही. दोन दिवसांत गाभारा, अंतराळ, सभामंडप, डावा मंडप सगळं झालं, बोटाबोटाने. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल, आता उजवीकडे." ती सभामंडपातच खाली बसली. "तिकडे नको." "का गं?" "तिकडचं हलतं." मी हसलो. "काय हलतं? दगड हलतो?" तिने दोन्ही तळवे वर केले आणि काहीतरी जड, जिवंत धरल्यासारखे हळूच डावीकडे-उजवीकडे केले. "असं हलतं. मी धरलं होतं ना." मी तिचा दंड धरून ओढलं. तिने खांबाला मिठी मारली. दुपारची गाडी पकडायची होती, ऊन मी म्हणत होतं, आणि मला त्या मंडपात तसंही जायचं नव्हतं. उंबऱ्यापाशी उभं राहून मी वर बघितलं. तुळईच्या पोटावर एक बारीक काळी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बाकावर उभं राहून हात वर केले तर तळवे जिथे टेकतील तिथेच. आणि डाव्या टोकाला तुळई खांबावरून सरकलेली वाटत होती. वीतभर नाही, चार बोटंच टेकलेली. वाटत होती, असं मी तेव्हाही स्वतःला म्हणालो. अंधारात काय नीट दिसतं? दगडाला शिरा असतात. मी फीत गुंडाळली, घरी येऊन कागद पालथा घातला आणि डावी बाजू उजवीकडे गिरवली. अक्का शेजारी बसून बघत होती. तिला वाटलं, मी तिकडचं नीट करतोय.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायकोने बोटाची पट्टी बघितली. "ओळंबा धारेवर पडला वाटतं," ती म्हणाली. मागच्या खोलीत गेलो. आईवडील गेल्यावर अक्का आमच्याकडे आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. खोली माळ्याखालची आहे, माझ्या डोक्याला माळ्याची कड लागते म्हणून मी तिथे फारसा जात नाही. ती बटणं लावत बसली होती, वडिलांच्या दुकानातलीच. केस सगळे पांढरे, कोपरं वाकडी. ती तेव्हापासून सरळ होत नाहीत. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"अक्का, आपल्या देवळात उजवीकडे हलायचं, आठवतं?"

तिने बटणं खाली ठेवली. जरासुद्धा विचार न करता दोन्ही तळवे वर केले आणि हळूच डावीकडे-उजवीकडे केले. तसेच, तितकेच. "हे असं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. बासष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा, आणि त्यात तेच, त्या दिवशीचं. "आता सोडू?"

मला वाटलं होतं, ती कधीच विसरली. वडिलांनी गजाने हात खाली आणले तेव्हाच सुटलं ते, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे पन्नास वर्षं ही बटणं लावतेय, जेवतेय, झोपतेय, आणि आतून तुळई धरून बसलीय. मी 'सोड' म्हणायला तोंड उघडलंही होतं. आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे तो मंडप आला, विटांची भिंत, मुकादमाची माणसं, ती पोरगी नकाशा हातात घेऊन खाली उभी, आणि मी वर सही करून दिलेली. फोन खिशात होता. मी खिशात हात घातला आणि फोनला लागलेला हात रिकामाच बाहेर काढला.

"नको," मी म्हणालो. "इतक्यात सोडू नको. उद्या सकाळी साडेदहा वाजता सगळ्यांत जास्त वजन येणार आहे."

"इथून कसं धरू?" ती काळजीने म्हणाली. "इथे वर काही नाही."

मी उठलो, तिला दंडाला धरून उभं केलं आणि माळ्याच्या कडेखाली नेलं. तिचे हात वर करून तळवे कडेला टेकवले. कोपरं पूर्ण उघडत नव्हती, पण तळवे पोचत होते. "ही कड धर. इथून पोचतं तिथे." गंमत म्हणून केलं असं मी स्वतःशी म्हणालो, आणि हे म्हणताना मला कळत होतं की घाम माझ्या पाठीवरून खाली चाललाय. "आता नको, सकाळी. आता जेव." ती पोटभर जेवली. बायको म्हणाली, "आज वन्सं खुशीत दिसतायत."

सकाळी मी आंघोळ करून आलो तर बायको मागच्या खोलीच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी. "अहो, हे काय नवीन? पहाटेपासून अशा उभ्या आहेत. चहा घ्या म्हटलं तर मान हलवतात. तुम्ही सांगितलंय म्हणे." मी म्हणालो, "राहू दे. थोड्या वेळाने घेईल हात खाली." अक्काने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी डबा घेतला आणि निघालो. जिन्यात दोनदा थांबलो. दोन्ही वेळा खालीच उतरलो.

साडेदहाला मी टेबलापाशी होतो. समोर कोरा कागद लावला होता, त्यावर एकही रेघ मारली नव्हती. अकरा वाजले. साडेअकरा. पावणेबाराला फोन वाजला आणि मी दोन घंटा वाजू दिल्या.

"काका, काढली भिंत!" तिचा आवाज दगडात घुमत होता. मागे हातोड्यांचा आवाज, माणसांचा गलका. "काही म्हणजे काही झालं नाही. तुळई तसूभर हलली नाही. मी खालीच उभी आहे आत्ता. तुमचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ आहे हो. फक्त एक, पोटावर बारीक काळी रेघ दिसतेय, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शीर असेल ना दगडाची?"

मला तो आंबट वास आला. तळपायांना गार लागलं. ती खाली उभी होती, मान वर करून, आणि माझ्या तोंडात दोन शब्द तयार होते: बाहेर हो.

"शीरच आहे," मी म्हणालो.

"वाटलंच मला. खांबांवर चुन्याचा थर केवढा जाड आहे, तुमचा तो टवका काही अजून दिसत नाही. उद्यापासून आठ माणसं बसवतेय इथे खरवडायला. महिना तरी जाईल. मीही इथेच राहीन." तिने फोन ठेवला. मी कपाळ पुसलं. पडलं नव्हतं. पडायला हवं होतं, पण पडलं नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो आणि कुणीतरी शेजारून "काय ओळंबाकाका, सत्काराला सूट शिवताय ना?" असं विचारत गेलं. मी हो म्हणालो. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी बायको होती, आणि ती रडकुंडीला आली होती.

"अहो, तुम्ही आधी घरी या. वन्सं हात खाली घेत नाहीयेत. बोटं निळी पडलीत, पाय लटपटतायत, सगळं जागच्या जागी झालंय. मी ओढून बघितलं, शेजारणीला बोलावलं, दोघींना आवरत नाहीत. पडेल, पडेल करतायत. एवढंच म्हणतात, तो सांगेल तेव्हा सोडीन. मी फोन त्यांच्या कानाला लावते. तुम्ही फक्त सोड म्हणा. ऐकताय ना? लावते हं."

फोनमध्ये खरखर झाली आणि मग श्वास ऐकू आला. धापा टाकणारा, जवळचा, ओळखीचा. ती वाट बघत होती. एक शब्द होता, पन्नास वर्षं राहिलेला, आणि तो म्हणायला मला कुणाची भीती नव्हती, लाज नव्हती, कुणी हसणारही नव्हतं. मी डोळे मिटले तर मंडप दिसला, काळी रेघ दिसली, रेघेच्या बरोबर खाली नकाशा पसरून बसलेली ती पोरगी दिसली, आणि रेघेला टेकलेले दोन तळवे दिसले. ते तळवे काढले तर वर काय उरतं ते मला चांगलं माहीत होतं. मी मोजलं नव्हतं, पण बघितलं होतं.

"अक्का," मी म्हणालो, "धरून ठेव. अजून महिनाभर."

"बरं," ती म्हणाली. मग बायकोचा आवाज आला. ती ओरडत होती, काय बोलताय, वेड लागलंय का तुम्हाला, असं काहीतरी. मी तिचं ओरडणं संपू दिलं. मग नेहमीच्या आवाजात तिला सांगितलं, "तिला मधेमधे पाणी पाज."